हाताच्या कंपावर शस्त्रक्रियेशिवाय काय करता येते?

एका मुलीने वडिलांबद्दल विचारले आहे. वय ६७. गेली आठ-नऊ वर्षे दोन्ही हात कापतात, पेला उचलताना, सही करताना, शर्टाची बटणे लावताना. हात मांडीवर निवांत ठेवले की कंप थांबतो. त्यांच्या आईचेही हात असेच कापायचे. न्यूरॉलॉजिस्टने एसेन्शियल ट्रेमरचे (काम करताना हात कापण्याचा, बरेचदा घराण्यात चालत येणारा आजार) निदान करून प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केले. दोन महिने झाले, फरक नाही. आता मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याचा विषय निघाला आहे, आणि वडील त्याला अजिबात तयार नाहीत. शस्त्रक्रियेशिवाय काही उरले आहे का?

ताई, उरले आहे. खरे सांगायचे तर तुमच्या वडिलांचे उपचार अजून नीट सुरूच झालेले नाहीत. दिवसाला ४० मिलिग्रॅम ही या औषधाची पहिली पायरी. ज्यांना या औषधाने गुण येतो, त्यातल्या बहुतेकांना तो १२० ते २४० मिलिग्रॅमच्या दरम्यान कधीतरी दिसतो. वरची मर्यादा साधारण ३२० धरतात. "सगळी औषधे करून झाली, काही उपयोग नाही" असे सांगत जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांची जुनी कागदपत्रे मी आधी शांतपणे वाचतो. बहुतेक वेळा दिसते ते असे: एक औषध छोट्या डोसवरच थांबलेले, दुसरे पहिल्याच गोळीनंतर बंद झालेले आणि तिसरे कधी दिलेलेच नाही. औषध हरले असे म्हणायच्या आधी ते पुरेसे दिले गेले का, हे बघावे लागते.

त्याआधी निदानाबद्दल थोडे. तुम्ही लिहिलेली लक्षणे एसेन्शियल ट्रेमरशी चांगली जुळतात. दोन्ही हात, काम करताना किंवा हात उचलून धरल्यावर येणारा कंप, तीन वर्षांहून जास्त काळ, घरात आधी कुणाला तरी असणे, आणि हात विसावला की शांत होणे. पार्किन्सनमध्ये बहुधा उलटे असते, हात मांडीवर पडलेला असताना कापतो, सुरुवात एका बाजूने होते, चाल मंदावते आणि अक्षर बारीक होत जाते. एसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर बारीक होत नाही, मोठे आणि नागमोडी होते. पार्किन्सनवरची लेव्होडोपा ही गोळी या कंपावर काम करत नाही, त्यामुळे "बघू तरी घेऊन" म्हणून ती सुरू करण्यात अर्थ नाही.

तरीही दोन गोष्टी तपासून घ्या. एक, थायरॉइडची रक्ततपासणी झाली आहे का. दोन, वडील दुसरी कोणती औषधे घेतात. सोडियम व्हॅलप्रोएट, लिथियम, अमिओडॅरोन, थिओफायलीन, दम्याचा साल्ब्युटॅमॉलचा पंप, नैराश्यावरच्या काही गोळ्या, अवयवरोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस, या सगळ्यांनी हात कापतात किंवा आधीचा कंप वाढतो. एका बाईंचा कंप सहा महिन्यांत दुप्पट झाला म्हणून त्या आल्या होत्या. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा व्हॅलप्रोएट सापडले. मायग्रेनसाठी कुणीतरी सुरू केले होते आणि ते तसेच चालू राहिले होते. त्यांच्या बाबतीत नवी गोळी देण्याऐवजी एक जुनी गोळी हळूहळू थांबवली. म्हणून भेटीला जाताना यादी नेऊ नका, पिशवीच न्या.

आता प्रोप्रॅनोलॉल. हे औषध मुळात हृदयासाठी आणि रक्तदाबासाठी आले, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते या कंपासाठी वापरात आहे. ते कंपाचा वेग बदलत नाही. हात सेकंदाला सहा वेळा हलत असेल तर सहाच वेळा हलेल, पण प्रत्येक झोका लहान होईल. हे नीट समजून घेतले की अपेक्षा जागेवर येतात. सुपाने भरलेला चमचा तोंडाशी येईपर्यंत चार सेंटिमीटर हेलकावत असेल तर सगळे सांडते. तोच हेलकावा दोन सेंटिमीटरवर आला तर थोडे ओघळते, पण माणूस आपल्या हाताने जेवतो. ज्यांना औषध लागू पडते त्यांना साधारण एवढाच, म्हणजे निम्म्यापर्यंतचा फरक मिळतो. लागू पडते ते निम्म्या ते दोन तृतीयांश लोकांना. हात पूर्ण स्थिर होण्याची वाट बघणारा माणूस हा फरक हातात असूनही नाराज राहतो, म्हणून मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

डोस वाढवायचा तो दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, नाडी आणि रक्तदाब बघत. विश्रांतीत नाडी ६० च्या खाली जाऊ लागली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, जिना चढताना दम किंवा थकवा वाटू लागला, तर डोस वाढवणे थांबवून डॉक्टरांशी बोलायचे. ६७ व्या वर्षी २४० मिलिग्रॅम सगळ्यांना झेपतेच असे नाही. १२० वरच शरीर पुरे म्हणाले तर तीच त्यांची मर्यादा. दिवसातून एकदा घ्यायची, हळूहळू विरघळणारी कॅप्सूल मिळाली तर विसरणे कमी होते.

दमा असलेल्यांनी हे औषध घेऊ नये. यामागचे कारण मला रुग्णांना समजावून सांगायला आवडते. साल्ब्युटॅमॉल ज्या बीटा-२ ग्राहकांना (पेशींवरच्या, औषधाचा संदेश घेणाऱ्या जागा) चेतवून श्वासनलिका उघडते, तेच ग्राहक स्नायूंमध्येही असतात आणि तिथे कंप वाढवतात. प्रोप्रॅनोलॉल त्यांनाच अडवते. कंप कमी होण्यामागे आणि श्वासनलिका आवळण्यामागे गोष्ट एकच आहे. हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असेल, नाडी मुळातच मंद असेल, तर तेव्हाही नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर हे इशारे झाकले जातात, त्यामुळे जास्त सावध राहावे लागते. आणि कुठल्याही कारणाने बंद करायचे ठरले तर टप्प्याटप्प्याने. एकदम तोडल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात, हृदयविकार असलेल्यांना ते धोक्याचे ठरते.

या औषधाचा आणखी एक वापर आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे यायचे. घरात चमचा हलला, पाणी सांडले, त्यांना त्याचे काही वाटत नसे. चारचौघांत कप हातात घ्यायची वेळ आली की मात्र ते "आत्ताच घेतला" म्हणून टाळायचे आणि हळूहळू त्यांनी समारंभांना जाणेच सोडले होते. त्यांना रोजच्या औषधाची गरज नव्हती. बाहेर जायच्या तासभर आधी २० मिलिग्रॅमची एक गोळी, एवढ्यावर ते पुन्हा लोकांत मिसळू लागले. कंप सौम्य असेल आणि ठरावीक प्रसंगीच नडत असेल तर ही पद्धत पुरते. फक्त पहिली गोळी घरी, निवांत दिवशी घेऊन बघावी.

प्रोप्रॅनोलॉल चालत नसेल किंवा पुरत नसेल तर प्रिमिडोन. फिटचे हे जुने औषध. १९८१ मध्ये, फिटसाठी ते घेणाऱ्या एका रुग्णाचा कंपही कमी झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि तिथून ते इकडे आले. परिणाम प्रोप्रॅनोलॉलच्या तोडीचा. पण त्याची सुरुवात जपून करावी लागते, आणि नेमके तिथेच ते वाया जाते. पहिल्याच गोळीनंतर काही जणांना भयंकर गुंगी, चक्कर, मळमळ, दारू चढल्यासारखा तोल जाणे असे होते. एक-दोन दिवसांत, फार तर चारेक दिवसांत ते ओसरते. एका रुग्णाला पहिल्याच रात्री २५० मिलिग्रॅमची अख्खी गोळी दिली गेली होती. ते दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत, उलट्या झाल्या, आणि फाइलवर "प्रिमिडोन चालत नाही" अशी नोंद झाली. चार वर्षांनी आम्ही पुन्हा प्रयत्न केला. २५ मिलिग्रॅमच्या निम्म्यापासून, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी काही काम नाही अशा दिवशी. पहिल्या सकाळी डोके जड होते, बाकी काही झाले नाही. मग आठवड्याला थोडे थोडे वाढवत ते १२५ पर्यंत आले आणि तिथे त्यांना स्वतःची दाढी स्वतः करता येऊ लागली. बहुतेकांना २५० च्या आत जे मिळायचे ते मिळते, त्यापुढे गुंगीच वाढते.

वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर प्रिमिडोन सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्रिमिडोनमुळे यकृत इतर औषधे लवकर फोडते. वॉरफॅरिन, अपिक्साबॅन, रिवरोक्साबॅन यांचा परिणाम घटतो आणि कळतही नाही. तरुण स्त्रियांच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्यांचेही तेच. दोन्ही औषधे एकट्याने अपुरी पडली तर ती एकत्र देता येतात, आणि काहींना एकापेक्षा दोन्ही मिळून चांगला गुण येतो. शस्त्रक्रियेचा विचार करायचा तो या टप्प्यानंतर.

यानंतरच्या रांगेत टोपिरामेट. ते २०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की काम करते, पण तिथपर्यंत पोचण्याआधी बरेच जण सोडून देतात. बोटांना मुंग्या येतात, भूक मरते, वजन उतरते आणि बोलताना ऐन वेळी शब्द सापडत नाही. मुतखडा होऊन गेला असेल तर मी ते देत नाही. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोळा अचानक दुखून धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे. गॅबापेंटिन काहींना उपयोगी पडते, झोप आणते, किडनी कमजोर असेल तर डोस कमी ठेवावा लागतो. अल्प्राझोलॅम आणि क्लोनाझेपाम यांनी कंप कमी होतो हे खरे आहे. पण त्यांची सवय लागते, साठीनंतर तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि सोडवताना त्रास होतो. तुमच्या वडिलांच्या वयात रोजची गोळी म्हणून मी ती सुचवणार नाही.

दारूचा विषय लोक दबक्या आवाजात काढतात, म्हणून मीच काढतो. बऱ्याच जणांचा हात एखाद्या पेल्यानंतर खरोखर शांत होतो, तासा-दोन तासांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा जास्त कापतो. मग तो थांबवायला पुन्हा पेला. या मार्गाने व्यसनात गेलेली माणसे मी पाहिली आहेत. दारूने फरक पडतो ही माहिती डॉक्टरांना जरूर द्या, तो उपचार म्हणून वापरू नका.

मान किंवा आवाज कापत असेल तर गोळ्यांचा उपयोग हातांइतका होत नाही. तिथे बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे स्नायू सैल करणारी, इंजेक्शने जास्त कामाची. मानेच्या नेमक्या स्नायूंत दिलेल्या इंजेक्शनाचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा द्यावे लागते. आवाजासाठी स्वरयंत्राच्या स्नायूंत देतात, त्यानंतर काही दिवस आवाज घोगरा, दमलेला होतो आणि गिळताना ठसका लागू शकतो. हातासाठीही देता येते, पण बोटांची पकड कमजोर होण्याचा धोका असतो. स्नायू निवडून, थोड्या मात्रेत, असे करण्याचा हातखंडा असलेल्या डॉक्टरकडेच ते घ्यावे.

मनगटावर घड्याळासारखे बांधायचे एक उपकरणही आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. मनगटातल्या दोन नसांना ते सौम्य विद्युत चेतना देते. या नसांवाटे संदेश मेंदूतल्या कंपाच्या लयीपर्यंत जातो आणि ती लय मोडते, अशी त्यामागची कल्पना. एका बैठकीला सुमारे ४० मिनिटे लागतात, नंतर काही वेळ हात शांत राहतो. गुण मध्यम आहे, सगळ्यांना येत नाही, त्वचा लाल होऊ शकते, पेसमेकर असेल तर वापरायचे नाही. गोळ्या न झेपणाऱ्यांसाठी विचारात घ्यावे असे आहे. ठरवण्याआधी आठ-पंधरा दिवस वापरून बघता आले तरच घ्या.

आता ज्या भागाकडे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही पाठ फिरवतात त्याकडे येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामे सोप्या पद्धतीने करायला शिकवणारे तज्ज्ञ) दोन-तीन वेळा गेल्याने जो फरक पडतो, तो कित्येकदा दुसऱ्या गोळीने पडत नाही. कंपात सगळा हात एकसारखा हलत नाही. हवेत जितका लांब हात, तितका झोका मोठा. कोपर अंगाला घट्ट लावले, किंवा दोन्ही कोपरे टेबलावर टेकवली आणि ताट जवळ, थोडे उंचावर घेतले, की चमच्याचा प्रवास निम्मा होतो. आज रात्री जेवताना वडिलांना हे करायला सांगून बघा. पेला अर्धाच भरायचा, झाकण आणि नळी असलेला घ्यायचा, दोन्ही हातांनी धरायचा. जाड मुठीचा, जरा जड चमचा काहींच्या हातात स्थिर राहतो. मनगटाला छोटे वजन बांधून काहींना बरे वाटते, काहींचा हात नुसता दमतो, ते पाच मिनिटांत कळते. कंपाच्या उलट दिशेने स्वतः हलून घास स्थिर ठेवणारे मोटरचे चमचेही मिळतात. मध्यम कंपाला ते चांगले, फार मोठ्या झोक्यांपुढे मात्र त्यांची मोटर पुरी पडत नाही. दाढीला इलेक्ट्रिक रेझर, दातांना इलेक्ट्रिक ब्रश, बटणांच्या जागी वेल्क्रो. मोबाइलवर बोलून टाइप करणे शिकवा, आणि सेटिंगमध्ये स्पर्शाचा वेळ वाढवून द्या, म्हणजे एका स्पर्शात तीन अक्षरे उमटणार नाहीत. सही करताना जाड, वजनदार पेन आणि मनगट कागदावर पक्के टेकवलेले.

कॉफी आणि कडक चहा, अपुरी झोप, लांबलेले जेवण, घाई, यांनी बऱ्याच जणांचा कंप वाढतो. कॉफीने किती फरक पडतो ते दोन आठवडे बंद करून ठरवा. फरक नसेल तर उगाच तोडू नका. मात्र कुणी बघत असताना हात जास्त कापतो हे जवळपास प्रत्येकाचे. ते मनाचे खेळ नव्हेत. अॅड्रेनलीन वाढते आणि ते थेट स्नायूंवर काम करते. "टेन्शन घेऊ नका, मग नाही कापणार" असे घरच्यांनी म्हणू नये. त्याऐवजी वडिलांनी स्वतःच "माझे हात कापतात, पेला अर्धाच द्या" असे आधी सांगून टाकायची सवय लावली तर लपवण्याचा ताण जातो आणि हातही थोडा निवळतो. त्यांनी लोकांत जाणे सोडले असेल, उदास राहत असतील, तर त्यासाठी वेगळी मदत घ्या. या आजारात चिंता आणि नैराश्य जास्त दिसते आणि त्यावर उपचार होतात.

एका गोष्टीबाबत सावध करायचे आहे. "चिराशिवाय उपचार" म्हणून फोकस्ड अल्ट्रासाउंडची माहिती तुमच्यापर्यंत येईल. कवटीला छेद नाही हे खरे. पण हेल्मेटमधल्या हजाराहून अधिक उगमांतून येणाऱ्या ध्वनिलहरी एमआरआयच्या मदतीने थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागातल्या एका ठिपक्यावर एकवटतात, तिथले तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत जाते आणि मेंदूचा तेवढा भाग कायमचा जळतो. माझ्या मते ही मेंदूवरची शस्त्रक्रियाच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी हाताच्या कंपात ४७ टक्के सुधारणा दिसली, म्हणजे तो चांगला उपचार आहे. पण ओठ-बोटे बधिर होणे, चालताना तोल जाणे असे परिणाम काहींना कायम राहतात, काहींचा कंप काळानुसार थोडा परत येतो, आणि जळालेला भाग परत आणता येत नाही. इलेक्ट्रोड निदान बंद करता येतो, काढता येतो. वडिलांना पुढे कधी या दोहोंतून निवडायची वेळ आलीच, तर "चिरा नाही" एवढ्यावर निवडू नका. गॅमा नाइफही (किरणांनी मेंदूचा तेवढा भाग निकामी करणे) याच जातीचा उपचार, आणि त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात.

तुमच्या वडिलांसाठी मी असे करेन. आधी हृदयाचा आलेख (ईसीजी), नाडी, रक्तदाब, दम्याची चौकशी. सगळे ठीक असेल तर प्रोप्रॅनोलॉल दोन-तीन महिन्यांत झेपेल तिथपर्यंत वाढवायचे. त्याने पुरते काम झाले नाही तर ते चालू ठेवून रात्रीचे प्रिमिडोन, अगदी छोट्या मात्रेत. याच काळात ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे दोन फेऱ्या. आणि त्यांना विचारा, कुठले एक काम जमले तर तुम्हाला बरे वाटेल? सही, जेवण की दाढी, ते लिहून ठेवा. गोळीचा गुण त्याच कामावर मोजायचा.

मोजण्यासाठी आजच एक करा. कोऱ्या कागदावर, हात कागदाला न टेकवता, मधून बाहेर जाणारे एक गोल गोल वळण त्यांना काढायला सांगा, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. खाली तारीख आणि चालू डोस लिहा. दर पंधरा दिवसांनी, दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा काढा. शेजारी त्यांच्या आवडीचे ते एक काम करतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. दवाखान्यात हात घरच्यापेक्षा जास्त कापतो, त्यामुळे डोस वाढवायचा की थांबायचे हे ठरवताना डॉक्टरांना तपासणीच्या टेबलापेक्षा हे कागद जास्त सांगतील.